मालगाडीचं वजन घाट ठरवतो

मुरगाव बंदरातून कोळसा भरून निघालेली मालगाडी गोव्याच्या सखल भागातून कुळे स्थानकापर्यंत येते. तिथून कॅसलरॉक जेमतेम २६ किलोमीटरवर आहे, पण तेवढ्या अंतरात गाडीला पाचशे मीटरच्या आसपास वर चढायचं असतं. चढाचं प्रमाण १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावरच्या ट्रकला असा चढ किरकोळ वाटेल. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवणाऱ्या रेल्वेसाठी मात्र हा भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत कडक चढांपैकी एक आहे. कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट आणि कसारा-इगतपुरीचा थळघाट याच मापाचे आहेत.

कुळे-कॅसलरॉकच्या या ब्रागांझा घाटातून जाणाऱ्या एकेरी मार्गाशेजारी दुसरा मार्ग टाकायचा की नाही, यावर गोव्यात गेली अनेक वर्षं वाद आहे. रुळांवर आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्यात एक साधा तांत्रिक प्रश्न मागे पडला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. रेल्वेमार्गावरून जास्त माल न्यायचे दोन वेगळे उपाय असतात. एक, गाड्यांची संख्या वाढवणं. दोन, प्रत्येक गाडी मोठी करणं. दोन्हींसाठी करावी लागणारी कामं वेगळी, त्यांचा खर्च वेगळा आणि परिणामही वेगळे. दुपदरीकरण, विद्युतीकरण, मजबुतीकरण हे शब्द बातम्यांत एका दमात येतात, त्यामुळे हा फरक पुसला जातो.

गाडी मोठी करायची तर सुरुवात एका चाकापासून करावी लागते. रेल्वेत वजन मोजायचं एकक म्हणजे एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस. नेहमीच्या वाघिणीला, म्हणजे मालगाडीच्या डब्याला, असे चार एक्सल असतात. भारतात बराच काळ एका एक्सलवर सुमारे २०.३ टन वजनाची मर्यादा होती. २००५ च्या सुमारास निवडक मार्गांवर ती २२.९ टनांपर्यंत नेली गेली, आणि आता काही मार्ग २५ टनांसाठी तयार केले जातात. दोन-अडीच टनांनी काय होतं असं वाटेल, म्हणून हिशेब करून पाहू. २०.३ टनांना भरलेल्या वाघिणीचं एकूण वजन सुमारे ८१ टन होतं. तिचं स्वतःचं वजन बावीसेक टन धरलं, तर माल मावतो ५९ टनांच्या आत-बाहेर. २२.९ टनांना तो सत्तरच्या जवळ जातो आणि २५ टनांना ७८ च्या आसपास. ५८ वाघिणींचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची एक माळ, असेल तर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात हजार टनांहून जास्त फरक पडतो. गाडीची लांबी तीच, चालक तेवढेच, मार्गाच्या त्या टप्प्यात लागणारा वेळही तोच. म्हणून रेल्वेला एक्सलचा भार वाढवणं इतकं आकर्षक वाटतं.

हा भार शेवटी झेलायचा असतो रुळाला. चाक आणि रूळ एकमेकांना जिथे टेकतात तो ठिपका साधारण एक चौरस सेंटिमीटरचा असतो. २५ टनांच्या एक्सलचं एक चाक त्या ठिपक्यावर साडेबारा टन ठेवतं, आणि एका रेकमध्ये अशी शेकडो चाकं एकामागून एक त्याच जागेवरून जातात. रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडतात, त्या हळूहळू वाढतात. हे झिजणं वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतं. मग मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळाच्या जागी ६० किलोचा येतो. किलोमीटरला १,५४० काँक्रीट स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ठोकळे, असतील तर ते १,६६० करावे लागतात, खालचा खडीचा थर जाड करावा लागतो. त्याखालची माती कच्ची असेल तर वरचं सगळं करूनही पहिल्या पावसाळ्यात ट्रॅक बसतो. हे मातीचं काम फोटोत दिसत नाही, उद्घाटनाच्या भाषणात येत नाही, पण गँगमनना विचारा, मार्गाचं खरं आरोग्य तिथेच असतं.

मग पूल. आपल्या जुन्या मार्गांवर दगडी कमानींचे असंख्य पूल आहेत आणि त्यांतले कित्येक आजही उत्तम काम देतात. पण पुलाला नुसत्या एका एक्सलच्या वजनाने भागत नाही. एका वेळी पुलाच्या एका गाळ्यावर किती टन उभे राहणार, म्हणजे गाडीच्या दर मीटर लांबीत किती वजन आहे, हेही पाहावं लागतं. शिवाय ब्रेक लावल्यावर गाडी पुलाला पुढे ढकलते, वळणावर बाहेर रेटते. जड गाडीसाठी मार्ग मंजूर करायचा तर प्रत्येक पुलाची अशी तपासणी होते, आणि त्यातला एकही नापास झाला तर तिथे वेगाची मर्यादा येते. एखाद्या पुलामुळे सगळ्या कॉरिडॉरचं वेळापत्रक ढिलं पडतं, ते असं. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, म्हणजे जेएनपीटी ते दादरी हा सुमारे १,५०० किलोमीटरचा नवा मार्ग बांधताना म्हणूनच रूळ २५ टनांच्या एक्सलसाठी आणि पूल मात्र आधीच ३२.५ टनांसाठी आखले गेले. रूळ नंतर बदलता येतात. पूल बदलायला वाहतूक थांबवावी लागते.

लांबीचं गणित वेगळं आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला बाजूच्या लूप लाइनवर उभं राहावं लागतं. आपल्याकडे लूपची प्रमाणित लांबी बराच काळ ६८६ मीटर होती. ५८ वाघिणी सुमारे ६२० मीटर होतात, त्यात ब्रेकव्हॅन आणि इंजिनं मिळवली की लूप भरली. मालगाड्या साधारण त्याच मापाच्या का असतात, याचं उत्तर इथे आहे. दोन रेक जोडून दीड किलोमीटरची गाडी करायची तर तिला वाटेत कुठेही बाजूला घेता येणार नाही, तिला सलग रस्ता द्यावा लागतो.

तसे प्रयोग झाले आहेत. जुलै २०२० मध्ये नागपूर विभागातून कोरब्याकडे 'शेषनाग' ही २.८ किलोमीटर लांबीची, चार रिकामे रेक जोडलेली गाडी धावली. १५ ऑगस्ट २०२२ ला 'सुपर वासुकी' ही साडेतीन किलोमीटरची गाडी २९५ वाघिणींतून सुमारे २७,००० टन कोळसा घेऊन छत्तीसगडमध्ये गेली. अशा गाडीत सगळी इंजिनं पुढे लावत नाहीत, ती मध्ये-मध्ये पेरतात. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब एका नळीतून सगळ्या गाडीभर पोहोचतो. चालकाने पुढे ब्रेक लावला की दाब कमी झाल्याची खबर शेवटच्या वाघिणीला मिळायला वेळ लागतो. तोवर पुढची गाडी मंदावलेली आणि मागची रेटा देत असते. मधल्या इंजिनांतून दाब एकाच वेळी कमी-जास्त केला तर हा हिसका आवरता येतो. लांब गाडीचं कौतुक होतं तेव्हा मला तरी तिच्या इंजिनांपेक्षा या हवेच्या नळीचं जास्त कौतुक वाटतं.

उंचीचा प्रश्न मुख्यतः कंटेनरचा. कंटेनरवर कंटेनर ठेवायचा तर गाडीची उंची रुळापासून ७.१ मीटर होते, आणि नेहमीच्या मार्गावर विजेची तार साडेपाच-पावणेसहा मीटरवर असते. समर्पित मार्गावर तार साडेसात मीटरच्या आसपास नेली आणि इंजिनांना तिथवर पोहोचणारे पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारे दांडे, बसवले. ७ जानेवारी २०२१ ला न्यू अटेली ते न्यू किशनगड अशी दीड किलोमीटर लांबीची, दोन मजली कंटेनरची, विजेवर चालणारी गाडी सुटली ती याच बळावर. जुन्या बोगद्यांच्या मार्गावर हे करायचं तर प्रत्येक बोगदा फोडून उंच करायचा किंवा त्याचा तळ खोल करायचा. ब्रागांझा घाटात असले बोगदे एकापाठोपाठ एक आहेत. सुदैवाने कोळशाच्या उघड्या वाघिणी ठेंगण्या असतात, त्यांना ही अडचण नाही.

आता पुन्हा चढाकडे. सपाटीवर चालत्या मालगाडीला ओढायला टनामागे दोनेक किलो जोर पुरतो. ५,३०० टनांच्या गाडीला म्हणजे दहा-अकरा टनांची ओढ. चढ आला की यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. समर्पित मार्गावर सर्वांत कडक चढ १:२०० ठेवला आहे, तिथे या गाडीला आणखी २६-२७ टन जोर लागेल. डब्ल्यूएजी-९ जातीचं एक इंजिन सुरुवातीला सुमारे ४७ टन ओढू शकतं, म्हणजे एकात निभावतं. कोकण रेल्वेचा १:१५० चा चढ त्या एका इंजिनाच्या अगदी काठावर येतो. १:१०० ला भर पडते ५३ टनांची आणि दुसरं इंजिन जोडावंच लागतं. १:३७ ला ही भर १४३ टनांची आहे. वळणांचा विरोध आणि इंजिनांचं स्वतःचं वजन धरलं तर चार-पाच इंजिनांखेरीज गाडी हलणार नाही.

ती सगळी पुढे लावली तर पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, दीडशे टनांची ओढ येईल, आणि तुटलं तर ते नेमकं तिथेच तुटेल. म्हणून काही इंजिनं मागे लावून ढकलायला ठेवतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. उसाने भरलेली बैलगाडी बांधावर अडली की मागून चार जण खांदा देतात, तसं हे काम. कर्जतला आणि कसाऱ्याला गाडी का थांबते हे मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक करणाऱ्यांना ठाऊकच आहे. बँकरचं काम वर पोहोचलं की संपतं, पण मग त्यांना खाली परत यावं लागतं. एकेरी मार्गावर ही रिकामी इंजिनंसुद्धा एका गाडीएवढीच जागा अडवतात. मागच्या-पुढच्या इंजिनांची मिळून शंभरेक मीटर लांबी लूपमध्येही मोजावी लागते.

उतरण तर चढाहून नाजूक. ५,३०० टनांची गाडी पाचशे मीटर खाली येताना सुमारे ७,२०० युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर भार टाकला तर चाकं तापतात आणि ब्रेक पकड सोडू लागतात. म्हणून घाटात उतरताना वेग अगदी कमी ठेवतात आणि बराचसा आवर इंजिनाच्या मोटारींनी घालतात. विद्युतीकरणाचा खरा फायदा इथे दिसतो. डिझेल इंजिनात ही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तर विजेच्या इंजिनात तिचा काही भाग तारेत परत जातो आणि त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळू शकतो. शिवाय बोगद्यांत पाच डिझेल इंजिनांचा धूर कोंडत नाही. ब्रागांझा घाटावर तारा टाकायचं काम अलीकडे झालं, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. त्यासाठी नवा डोंगर कापावा लागला नाही.

आता दुपदरीकरणाची गोष्ट नीट दिसेल. होस्पेट-हुबळी-लोंढा-वास्को हा साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग दुहेरी करायचा प्रकल्प २०१०-११ मधला. कर्नाटकच्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यांना लागणारा आयात कोळसा मुरगावला उतरतो आणि या मार्गाने वर जातो. पठारावर दुपदरीकरण करणं रास्तच आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असते, बाकीच्या खोळंबतात. दुसरा मार्ग झाला की क्षमता दुपटीहून जास्त वाढते, कारण समोरून येणारीची वाट पाहणंच संपतं. प्रवासी गाड्यांनाही त्याचा फायदा. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे अशी याच वाटेने उत्तरेकडे जाते.

पण घाटात दुसरा मार्ग टाकला म्हणून चढ कमी होत नाही. नव्या मार्गालाही १:३७ च्या डोंगरानेच चढायचं. प्रत्येक गाडी तेवढ्याच टनांची राहणार, तिला तेवढीच इंजिनं लागणार, एक टन कोळसा वर न्यायला तेवढीच ऊर्जा जळणार. गाड्यांची संख्या वाढेल, गाडी मोठी होणार नाही. सगळा डोंगर दुसऱ्यांदा कापून मिळणारा लाभ हा एवढाच.

आणि तो डोंगर साधा नाही. गोव्याच्या बाजूला भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, कर्नाटकच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प. पावसाळ्यात इथली जमीन कशी वागते ते जुलै २०२१ मध्ये दिसलं. कोकण रेल्वे पुरामुळे बंद होती म्हणून मंगळूर-मुंबई गाडी या घाटातून वळवली होती, ती दूधसागर आणि सोनावली यांच्या मध्ये दरड कोसळून घसरली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच भागात मालगाडीच्या १७ वाघिणी घसरल्या आणि सगळा मार्ग बंद पडला. घाट बंद पडला तर पर्याय हवा, म्हणून दुसरा मार्ग हवा, असं कुणी म्हणेल. पण शेजारून गेलेला मार्ग त्याच दरडीखाली येतो.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात यावरच बोट ठेवलं. रेल्वेच्या जाळ्यातल्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता किंचित वाढवण्यासाठी पश्चिम घाटातली इतकी संवेदनशील परिसंस्था पणाला लावण्याचं समर्थन करता येत नाही, असा तिचा सूर होता. ९ मे २०२२ ला न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. वन्यजीव आणि परिसंस्थेवर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडायची मुभा मात्र ठेवली.

त्याआधी, नोव्हेंबर २०२० च्या पहिल्याच रात्री, दक्षिण गोव्यातल्या चांदरला हजारो लोक रुळांवर येऊन बसले होते. त्यांचा राग झाडांपुरता नव्हता. सखल गोव्यात रूळ घरांच्या अंगणाला लागून जातात. वेळसावपासून चांदरपर्यंतच्या गावांना उघड्या वाघिणींतून उडणारी कोळशाची भुकटी आणि जुन्या मातीच्या भिंतींना बसणारे हादरे यांची धास्ती आहे. घाटातली कोंडी सुटली तर त्यांच्या दारातून जाणाऱ्या गाड्या वाढतील, हे त्यांना कुठल्याही अहवालाशिवाय कळत होतं. माल ट्रकऐवजी रेल्वेने जावा, या मताचा मी आहे. इंधन कमी लागतं, रस्त्यावरचे अपघात कमी होतात. पण रेल्वेने न्यायचा म्हणजे याच वाटेने न्यायचा असं होत नाही, आणि वाघिणी झाकण्यासारखी साधी गोष्ट तर दुपदरीकरणाची वाट न पाहता करता येते.

मग खरोखर मोठी गाडी न्यायची असेल तर उपाय काय? चढ कमी करणं हा एक. पाचशे मीटरची उंची १:१०० ने गाठायची तर मार्ग किमान ५० किलोमीटर लांब होतो, १:२०० ने १०० किलोमीटर. आजच्या २६ किलोमीटरच्या जागी एवढी लांबी बसवायला डोंगराला वळसे घालावे लागतील किंवा लांबच लांब बोगदे खणावे लागतील. कसारा-इगतपुरीसाठी बँकर न लागणाऱ्या १:१०० च्या मार्गाचा विचार होतो तो वाहतूक प्रचंड आहे म्हणून. तो मुंबई आणि उत्तर भारत यांच्यातला मुख्य रस्ता आहे. एका जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या कोळशासाठी तेवढा खर्च आणि तेवढं जंगल घालायचं का, याचं उत्तर मला नाही असंच दिसतं.

दुसरा उपाय बंदर बदलण्याचा. बळ्ळारी जिल्हा दोन किनाऱ्यांच्या मध्ये आहे. पूर्वेला आंध्र प्रदेशातलं कृष्णपट्टणम बंदर आतल्या भागाशी नीट जोडायला ओबुलवारिपल्ली-वेंकटाचलम हा नवा मार्ग बांधला गेला. २०१९ मध्ये तो सुरू झाला, आणि त्यात वेलिगोंडा डोंगरातून ६.६ किलोमीटरचा विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा बोगदा आहे. तिथे डोंगर चढून जाण्याऐवजी पोटातून गेले, म्हणून मालगाडीला चढाचा दंड भरावा लागत नाही. अंतर जास्त पडत असेल, पण पाच इंजिनांनी २६ किलोमीटर चढण्याचा खर्च आणि एका इंजिनाने जास्तीचं अंतर धावण्याचा खर्च शेजारी मांडून पाहायला हवेत. असा तुलनेचा तक्ता प्रत्येक घाटमार्गाच्या प्रस्तावासोबत लोकांपुढे यावा, अशी माझी मागणी आहे. त्यात चार रकाने पुरेत. सर्वांत कडक चढ किती, एका गाडीत किती टन, त्यासाठी किती इंजिनं आणि टनामागे किती ऊर्जा. ब्रागांझाचा नवा प्रस्ताव कधी पुन्हा आलाच, तर त्यातला पहिला रकाना १:३७ च दाखवत असेल तर उरलेल्या तिन्ही रकान्यांत दुपदरीकरणाआधीचेच आकडे भरावे लागतील.